खजिना शोधणारे अ‍ॅप कसे निवडाल?

मुलांनो, टपालाने पत्र पाठवायचे असेल तर आपण पाकिटावर पत्ता लिहितो. नाव, घर क्रमांक, चाळीचे नाव, रस्ता, आंबिवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे. शेवटी पिन कोड. एवढे लिहिले की पोस्टमन बरोबर घरी येतो. पण समजा, तुम्हांला काळू नदीच्या काठावरच्या एका झाडाचा पत्ता लिहायचा आहे. त्या झाडाला घर क्रमांक नाही आणि गल्लीही नाही. मग तो पत्ता कसा लिहाल?

अशा जागेलाही पत्ता असतो. तो अंकांत लिहितात. भूगोलाच्या तासाला तुम्ही अक्षांश आणि रेखांश शिकला आहात. आंबिवली रेल्वे स्टेशन सुमारे १९ अंश १६ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७३ अंश १० मिनिटे पूर्व रेखांश या ठिकाणी आहे. या अंकांच्या पत्त्यावर जगभर एक खेळ खेळला जातो. त्याचे नाव जिओकॅशिंग. हा खेळ मोबाइल फोनवर अ‍ॅप घेऊन खेळतात. अशी अ‍ॅप पुष्कळ आहेत. त्यांतले कोणते घ्यावे आणि ते कसे ठरवावे, हे आज आपण पाहू या.

खेळाची ओळख

‘जिओ’ म्हणजे पृथ्वी आणि ‘कॅश’ म्हणजे लपवून ठेवलेला साठा. हा ‘कॅश’ म्हणजे रोख पैसे नव्हेत. कोणीतरी एक छोटी डबी लपवतो आणि तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरे लोक फोनच्या मदतीने ती जागा शोधतात. डबीत एक लहान वही असते. शोधणाऱ्याने वहीत आपले टोपणनाव व तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. डबीत एखादी छोटी वस्तू असेल तर ती घेता येते. मात्र तिच्या बदल्यात तेवढ्याच किमतीची किंवा जास्त किमतीची वस्तू ठेवावी लागते. खजिना म्हणून सोनेनाणे मिळत नाही. जागा सापडल्याचा आनंद हाच खजिना!

या खेळाचा जन्म कसा झाला, ती हकिकतही मजेची आहे. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पूर्वीपासून आकाशात होते, पण सामान्य लोकांना मिळणारे संदेश अमेरिकन सरकार मुद्दाम बिघडवत असे. त्यामुळे जागा सांगताना शंभर मीटरपर्यंत चूक होई. हा बिघाड मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने बंद केला. मग ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर कळवले. थोड्याच दिवसांत ती लोकांना सापडली. आज जगात अशा तीस लाखांहून अधिक जागा नोंदवलेल्या आहेत.

तशी ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली होती. एवढ्या दूर चालत आलेला माणूस आपल्या नावाचे कार्ड त्या बाटलीत टाकून जाई. त्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे सुरू झाली.

फोनला जागा कशी कळते?

अ‍ॅप निवडण्यापूर्वी ही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जीपीएसचे तीसएक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक घड्याळ असते. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता एवढे वाजले आहेत’ असा संदेश तो सतत पाठवत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. तरी त्याला आपल्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून फोन उपग्रहाचे अंतर काढतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपली जागा नक्की होते.

रशिया, युरोप आणि चीन यांचेही असे उपग्रह आहेत. आपल्या देशाच्या इस्रो या संस्थेने २०१३ पासून असे उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेला २०१६ साली ‘नाविक’ हे नाव मिळाले. काही नव्या फोनमध्ये तिचाही उपयोग होतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. उपग्रहाचा संदेश फोनला थेट मिळतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा मागवण्यासाठी. हा फरक अ‍ॅप निवडताना फार उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट अशी की, मोकळ्या आकाशाखाली साधा फोन सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. उंच इमारतींच्या मध्ये किंवा दाट झाडीत चूक वाढते. म्हणून कोणतेही अ‍ॅप तुम्हांला थेट डबीवर नेऊन उभे करणार नाही. शेवटची चार पावले डोळ्यांनीच शोधायची असतात.

पाच प्रश्न

फोनमधील अ‍ॅपच्या दुकानात ‘जिओकॅशिंग’ असे लिहिले की एक लांब यादी समोर येते. बहुतेक जण तारे मोजतात आणि ज्याला जास्त तारे ते अ‍ॅप घेतात. पण ते तारे देणाऱ्याचा फोन वेगळा, गाव वेगळे आणि गरजही वेगळी असते. कापड घेताना दुसऱ्याचे माप देऊन कसे चालेल? म्हणून अ‍ॅप घेण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : हे अ‍ॅप माझ्या फोनवर चालेल का, आणि त्यात डब्यांची यादी कोठून येते? खेळाची सर्वांत मोठी यादी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातल्या एका कंपनीकडे आहे. तिचे स्वतःचे ‘जिओकॅशिंग’ नावाचे अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर चालते. ‘सी-जिओ’ हे अ‍ॅप स्वयंसेवकांनी तयार केले आहे. ते फुकट आहे, पण फक्त अँड्रॉइडवर चालते. ‘कॅशली’ हे अ‍ॅप विकत घ्यावे लागते आणि ते आयफोनसाठी आहे. म्हणजे निम्मी निवड तुमच्या हातातला फोनच करून टाकतो.

दुसरा प्रश्न : नेटवर्क नसताना ते चालेल का? गावाबाहेर, डोंगरात किंवा पावसाळी सहलीत नेटवर्क अनेकदा जाते. घरी असतानाच नकाशा उतरवून ठेवता आला तर अडचण येत नाही. सी-जिओमध्ये डब्यांची माहिती व नकाशे फोनमध्ये साठवता येतात. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ही सोय वर्गणी भरणाऱ्या सभासदांना मिळते.

तिसरा प्रश्न : ते खरोखर फुकट आहे का? फुकटचे तीन प्रकार असतात. काही अ‍ॅप पूर्ण फुकट असतात. काही अ‍ॅप आधी फुकट देतात, मग अर्धी दारे बंद ठेवून वर्गणी मागतात. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये फुकट सभासदाला सगळ्या डब्यांचा तपशील दिसत नाही. काही अ‍ॅप पैसे मागत नाहीत, पण जाहिराती दाखवतात आणि तुमची माहिती गोळा करतात. तिसऱ्या प्रकारात किंमत नसते असे नाही. ती फक्त दिसत नाही.

चौथा प्रश्न : ते अंक कोणत्या पद्धतीने लिहिते? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण सर्वांत मोठी फसगत येथेच होते. अक्षांश-रेखांश तीन प्रकारे लिहितात : अंश, मिनिटे, सेकंद; अंश व दशांश मिनिटे; किंवा नुसते दशांश अंश. जिओकॅशिंगमध्ये दुसरी पद्धत चालते, तर पुष्कळ नकाशे तिसरी पद्धत वापरतात. एका अंशाची मिनिटे साठ असतात. म्हणून १९ अंश १६ मिनिटे म्हणजे १९.१६ अंश नव्हे. १६ ला ६० ने भागा. उत्तर येईल सुमारे ०.२६७. म्हणजे खरा आकडा १९.२६७ अंश आहे. त्याचप्रमाणे ७३ अंश १० मिनिटे म्हणजे ७३.१६७ अंश. आता तुम्ही घाईने १९.१६ आणि ७३.१० असे लिहिले तर काय होईल? अ‍ॅप तक्रार करणार नाही. ते मुकाट्याने तुम्हांला आंबिवलीपासून तेरा-चौदा किलोमीटर दूर, डोंबिवलीच्याही पलीकडे निळजे गावाच्या बाजूला नेईल! ज्या अ‍ॅपमध्ये तिन्ही पद्धती बदलून पाहता येतात, ते चांगले.

पाचवा प्रश्न : ते कोणत्या परवानग्या मागते? हा प्रश्न शेवटी ठेवला आहे, पण तो सर्वांत मोठा आहे. त्याचा आपण नीट विचार करू.

परवानगी देण्यापूर्वी

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एकच स्मार्टफोन असतो. तो अब्बांचा असतो किंवा अम्मीचा असतो. त्यात बँकेचे अ‍ॅप असते, घरच्यांचे फोटो असतात, नातेवाइकांचे नंबर असतात. तुम्ही खेळासाठी एक अ‍ॅप घेता, तेव्हा ते या सगळ्याच्या शेजारी येऊन बसते. घरात पाहुणा घेताना आपण तो कोण आहे हे विचारतो. अ‍ॅपच्या बाबतीतही तसेच करावे.

खजिना शोधणाऱ्या अ‍ॅपला तुमची जागा कळली पाहिजे, हे उघड आहे. ती परवानगी द्यावी लागते. पण ‘अ‍ॅप वापरताना’ आणि ‘नेहमी’ यांत मोठे अंतर आहे. ‘नेहमी’ म्हटले की तुम्ही शाळेत केव्हा जाता, शिकवणीहून कोणत्या रस्त्याने परतता आणि रात्री कोठे असता, हे सर्व त्या अ‍ॅपला कळू शकते. म्हणून ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच परवानगी द्या. डबीचा फोटो काढायचा असेल तर कॅमेऱ्याची परवानगी समजू शकते. पण संदेश वाचण्याची किंवा नंबरांची यादी पाहण्याची परवानगी अशा अ‍ॅपला कशाला हवी? ती मागणारे अ‍ॅप घेऊ नका.

अ‍ॅप नेहमी फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. ‘वर्गणीचे अ‍ॅप फुकट मिळेल’ असे सांगणारी कडी एखाद्या संदेशातून आली तर ती उघडू नका. खाते उघडताना घरच्यांना विचारा. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती वापरण्यासाठी आई-वडिलांची संमती आवश्यक ठरवली आहे. खात्याला आपले खरे नाव, शाळेचे नाव किंवा जन्मतारीख देऊन टोपणनाव बनवू नका, कारण डबी सापडल्याची नोंद जगातला कोणीही वाचू शकतो.

आंबिवलीत कोणते अ‍ॅप उपयोगी?

आता खरी अडचण पाहू. युरोप-अमेरिकेत गल्लोगल्ली डब्या आहेत. आपल्या देशात त्या फार थोड्या आहेत. मुंबईत काही आहेत, पण आंबिवलीच्या मुलाने अ‍ॅप उघडले तर त्याच्या आसपासचा नकाशा बहुधा रिकामाच दिसेल. मग तो म्हणेल, ‘अ‍ॅप खराब आहे,’ आणि काढून टाकेल. परंतु दोष अ‍ॅपचा नाही. त्याने प्रश्नच चुकीचा विचारला. दुसऱ्याने लपवलेल्या डब्या शोधायच्या की आपल्या वर्गाने स्वतः खेळ रचायचा, हे आधी ठरवले पाहिजे.

वर्गाने खेळ रचायचा असेल तर डब्यांच्या यादीची गरजच नाही. ज्यात स्वतः अंक लिहून खूण करता येते आणि जे नेटवर्कशिवाय चालते, असे साधे नकाशाचे अ‍ॅप पुरते. ‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे तसे अ‍ॅप आहे. ते दोन्ही प्रकारच्या फोनवर चालते, फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. ‘ऑस्मअँड’ या अ‍ॅपमध्ये सोयी अधिक आहेत, पण ते शिकायला वेळ लागतो आणि फुकट घेतल्यास ठरावीक संख्येएवढेच नकाशे उतरवता येतात. दोन्ही अ‍ॅप ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या नकाशावर चालतात. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा जगभरच्या सामान्य लोकांनी मिळून तयार केला आहे. त्यात एखादी गल्ली राहून गेली असेल तर तुम्हीही ती भरू शकता.

पण डबी कोठे लपवायची? येथे थोडे थांबा. स्टेशनवर तुम्ही रोज घोषणा ऐकता : बेवारस वस्तू दिसल्यास हात लावू नका, पोलिसांना कळवा. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि शेकडो घरांवर दुःख कोसळले. तेव्हापासून आपले लोक बेवारस डब्याकडे संशयाने पाहतात, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी स्टेशनजवळ, पुलाखाली, बाजारात किंवा इबादतीच्या जागेपाशी डबी लपवणे म्हणजे लोकांना घाबरवणे होय. पोलिसांची धावपळ होईल आणि उत्तर तुम्हांला द्यावे लागेल. जिओकॅशिंगच्या नियमांतही जागेच्या मालकाची परवानगी घेण्यास सांगितले आहे.

म्हणून आपण डबीविना खेळू. या खेळात तसाही एक प्रकार आहे. दिलेल्या जागी जायचे, तेथे काहीतरी पाहायचे आणि प्रश्नाचे उत्तर लिहायचे. शाळेच्या आवारात मुख्याध्यापकांच्या परवानगीने आठ जागा निवडा. प्रत्येक जागेचे अंक अ‍ॅपवरून लिहून घ्या. जागा एकमेकींपासून निदान वीस-पंचवीस मीटर दूर असू द्या, म्हणजे पाच-दहा मीटरच्या चुकीने गोंधळ होणार नाही. मग प्रश्न तयार करा : ‘येथील झाडाच्या पानाला किती कडा आहेत?’, ‘या भिंतीवर कोणते वर्ष कोरले आहे?’ दुसऱ्या गटाने अंकांवरून जागा शोधून उत्तरे मराठीत लिहावीत.

अ‍ॅपची परीक्षा

अ‍ॅप घेतले की लगेच त्याच्यावर विसंबू नका. आधी त्याची परीक्षा घ्या. घरी नकाशा उतरवा. नंतर इंटरनेट बंद करून घराबाहेर मोकळ्या जागी या. एक-दोन मिनिटे थांबा. आपली जागा बरोबर दिसते का ते पाहा. आता त्या जागेची खूण करा, शंभर पावले चाला आणि अ‍ॅप पाहत पुन्हा त्याच खुणेवर या. किती मीटर चूक झाली ते मोजा. हेच दोन वेगवेगळ्या अ‍ॅपवर करून पाहा. अर्ध्या तासात बॅटरी किती उतरली तेही लिहा. हे आकडे दुकानातल्या ताऱ्यांपेक्षा खरे आहेत, कारण ते तुमच्या फोनचे आणि तुमच्या गावाचे आहेत.

दिशा दाखवणारा होकायंत्राचा काटाही तपासा. फोनजवळ लोखंड किंवा चुंबक असेल तर काटा फिरतो. फोनवर किब्ल्याची दिशा पाहताना हा अनुभव तुम्हांला आला असेल. आंबिवलीहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. ही दिशाही अक्षांश-रेखांशांवरूनच काढतात. एक हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनी या थोर विद्वानाने शहरांच्या जागा गणिताने ठरवण्यावर एक ग्रंथ लिहिला. किब्ल्याची दिशा नेमकी काढता यावी, हा त्याचा एक हेतू होता. त्याच्याजवळ उपग्रह नव्हते. त्याने सूर्याची उंची मोजली, प्रवाशांनी सांगितलेली अंतरे तपासली आणि ऐकीव आकड्यांवर विश्वास ठेवला नाही. अ‍ॅप निवडतानाही हीच सवय कामी येते.

शेवटी काही सूचना. शोधायला एकट्याने जाऊ नका. मोठ्या माणसाला सोबत घ्या. अ‍ॅप सरळ रेषेत दिशा दाखवते. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत की नदी, हे ते पाहत नाही. रूळ ओलांडणे जिवाला धोक्याचे आहे आणि कायद्याने गुन्हाही आहे. पावसाळ्यात उल्हास आणि काळू या नद्यांच्या काठी जाऊ नका. चालताना फोनकडे नाही, रस्त्याकडे पाहा. थांबल्यावर फोन पाहा.

मुलांनो, या पाठात आलेले खजिना, नकाशा, परवानगी, बेवारस हे शब्द तुम्हांला परके वाटले नसतील. ते तुमच्या घरच्या भाषेतही आहेत. मराठी आणि उर्दू या दोन भाषांमध्येही असा पुष्कळ खजिना आहे. तो शोधायला मात्र कोणतेही अ‍ॅप लागत नाही.

स्वाध्याय

१. नेटवर्क नसतानाही फोनला आपली जागा कशी कळते?
२. १९ अंश ३० मिनिटे हे दशांश अंशांत लिहा.
३. ‘नेहमी’ आणि ‘अ‍ॅप वापरताना’ या दोन परवानग्यांतील फरक तीन-चार वाक्यांत सांगा.
४. सार्वजनिक जागी डबी का लपवू नये?
५. गटात मिळून शाळेच्या आवारातील पाच जागांचे अक्षांश-रेखांश लिहा व प्रत्येक जागेवर एक प्रश्न तयार करा.